यादीतली एकोणीस नावं

मंगळवार, १० मार्च

२४ फेब्रुवारीच्या नोंदीत मी लिहिलंय — ‘व्हीपीएन बसवलं. तपासलं. आता काही दिसणार नाही.’

पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं खोटं. आणि दुसरं खोटं म्हणून तिसरंही खोटं.

त्या पानावर जाऊन ‘तपासलं’वर रेघ मारली, शेजारी आजची तारीख घातली. रबर लावलं नाही. सातवीपर्यंत मी शाळेत गेले नाही, दम्यामुळे घरीच शिकले, बाबांच्या टेबलाशेजारी बसून — आणि चूक पुसायची नाही, तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, हे मी बेरजेच्याही आधी शिकले. बाबांचा दुसरा नियम : चूक लिहिताना अशी लिहायची की वाचणाऱ्याला आपल्याबद्दल काहीच माहीत नाही. म्हणजे आपल्याला पळवाट राहत नाही.

तर तशीच लिहिते.

आमचा चष्म्याच्या काचा घासायचा कारखाना आहे. खाली कारखाना, वर घर. काका मालक — म्हणजे बाबा आणि काका दोघं, पण कारभार काकांचा. बाबा तपासणी करतात. खिडकीजवळच्या टेबलावर नंबर मोजायचं यंत्र आहे. घासलेली प्रत्येक काच त्यांच्या हाताखालून जाते, तिच्या नंबरच्या चिठ्ठीवर त्यांचा शिक्का पडतो, मग ती पाकिटात. पुढच्या खोलीत फोन आणि संगणक — तिथे मी. आणि काचा घासायच्या चाकावर पावमामा. एकतीस वर्षं. चष्म्याचा नंबर पाव-पावने चढतो, आणि मामा नुसती काच हातात धरून, जराशी हलवून, तिच्यातून दाराची चौकट कशी सरकते ते बघून पाव नंबरचा फरक सांगतात. म्हणून पावमामा. नात्याने कोणी नाहीत.

२४ तारखेला जेवणाच्या सुट्टीत ते पुढच्या खोलीत आले. दार लोटून घेतलं — असं ते कधी करत नाहीत.

म्हणाले, “मला या संगणकावर थोडं बघायचंय. रोज थोडं थोडं. खासगी आहे. तुझे काका शुक्रवारी यादी वाचतात ना?”

वाचतात. कपाटावर काळी डबी आहे. कारखान्यातल्या कुठल्याही संगणकावर एखाद्या स्थळाचं नाव टाकलं, की तो आधी त्या डबीला विचारतो — या नावाचा पत्ता काय? डबी पत्ता देते आणि नाव, वेळ, कुठल्या यंत्राने विचारलं, हे लिहून ठेवते. चार वर्षांपूर्वी विषाणू शिरून सगळं चार दिवस बंद पडलं होतं, तेव्हापासून काका दर शुक्रवारी ती यादी छापून घेतात आणि पट्टी खाली धरून पेन्सिलीने वाचतात. कोणाच्या मागे लागायचं म्हणून नाही. भीतीने.

मी म्हटलं, “मामा, व्हीपीएन बसवते. माझ्या संगणकाच्या कोर्सबरोबर मिळालंय, पाच यंत्रांवर चालतं.”

“म्हणजे काय?”

“बोगदा समजा. तुम्ही आत शिरलात की बाहेरच्याला काही दिसत नाही.”

“आणि त्या कपाटावरच्या डबीला?”

“तिलाही नाही.”

नेमकं तेच विचारलं होतं त्यांनी! नेमकं तेच!

बसवलं. आपण कुठून बोलतोय हे दाखवणारं एक पान असतं, ते उघडलं. भलताच देश दिसला. “मामा, तुम्ही आत्ता परदेशात आहात.” “अरे वा, पासपोर्टशिवाय!” दोघं हसलो. याशिवाय एक दुसरी तपासणी असते — नावांचे पत्ते कोण सांगतंय, ते बघायची. मला माहीत होती. कोर्सच्या तिसऱ्या आठवड्यात होती. तेवढ्यात वरून आईने जेवायला हाक मारली आणि मी उठले. संध्याकाळी वहीत लिहिलं, ‘तपासलं’.

मग २७ तारखेला काका बाहेरगावी होते. त्यांनी गेल्या शुक्रवारी, ६ मार्चला, दोन्ही आठवड्यांच्या याद्या एकदम वाचल्या.

काल सकाळी साडेआठला ते चाकापाशी येऊन उभे राहिले. हातात घडी घातलेला कागद.

“मामा, आजपासून तुम्ही पाकिटं भरायचं बघा. चाकावर हा बसेल.” हा म्हणजे दादा, काकांचा मुलगा.

“का?”

“बसून काम आहे. आराम पडेल.”

“मी आराम मागितला नव्हता.”

“मी देतोय ना.”

मामांनी एप्रन काढला. खुंटीला लावला. खुंटीवरून पडला, परत लावला. मग माझ्याकडे बघितलं. एकदाच. काकांच्या हातातल्या कागदाच्या कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या.

त्यांना वाटतंय मी सांगितलं. का नाही वाटणार? माहीत असलेली मी एकटीच.

बुधवार, ११ मार्च

सकाळी सातला खाली आले. कोणी उठायच्या आत. व्हीपीएन सुरू केलं, एक भलतंच नाव टाकलं, आणि कपाटावरच्या डबीची यादी उघडली. नाव हजर. वेळेसकट.

मग कारण शोधलं. वीस मिनिटांत सापडलं. सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

नावं कोणाला विचारायची, हे संगणकातल्या एका छोट्या फाइलीत लिहिलेलं असतं. व्हीपीएन सुरू झालं की ते तिथला पत्ता बदलतं आणि स्वतःचा घालतं, म्हणजे प्रश्नसुद्धा बोगद्यातूनच जातात. आमच्या फाइलीत पत्ता बदललेलाच नव्हता. डबीचाच होता. कारण फाइलीला कुलूप होतं — लिनक्समध्ये तसं लावता येतं, एका अक्षराचं, मग मालकालासुद्धा तिच्यात काही लिहिता येत नाही.

ते कुलूप मी लावलं होतं. तीन वर्षांपूर्वी. हा जुना संगणक रखडत होता म्हणून त्याच्यावर लिनक्स मीच चढवलं. आणि मग काच फ्रेमच्या आकारात कापणारं यंत्र त्याला सापडेना — त्या यंत्राचं नाव फक्त डबीला माहीत, आणि संगणक दर दोन दिवसांनी डबी सोडून दुसऱ्याच कोणाला तरी विचारायला जाई. काका वैतागले. “एकदाचं असं कर की हे परत बदलता कामा नये!” मी पत्ता हाताने लिहिला आणि कुलूप घातलं. परत बदललं नाही. बाबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. त्या दिवशीच्या नोंदीत किती वेळा ‘मी’ आहे!

आणि मग विसरले. आपण लावलेलं कुलूप विसरले!

बोगदा चोख होता. मामांनी वाचलेलं सगळं बोगद्यातूनच गेलं. फक्त प्रत्येक वेळी, आत शिरायच्या आधी, संगणक बाहेर येऊन कपाटाकडे तोंड करून मोठ्याने विचारत होता — या दवाखान्याचा पत्ता काय हो? डबी त्याच खोलीत, त्याच तारेवर. तिच्याकडे जायला बोगद्यात शिरावंच लागत नाही.

आणखी एक. व्हीपीएनने तक्रार केली होती. त्याच्या नोंदीत आहे : २४ फेब्रुवारी, एक वाजून बारा मिनिटं — पुन्हा प्रयत्न केला, फाइल लिहिता आली नाही. लाल अक्षरात. मी त्या वेळी वरच्या मजल्यावर ताट घेऊन बसले होते.

यादीत मामांची म्हणावी अशी एकोणीस नावं आहेत. सगळी एक ते पावणेदोनमधली. डोळ्याच्या पडद्याचे दवाखाने. दृष्टी गेलेल्यांची संस्था. मोठ्या अक्षरांची पुस्तकं छापणारे. पांढऱ्या काठ्या विकणारं दुकान.

मामांचे डोळे जातायत! एकतीस वर्षं चाकावर, आणि डोळे! आणि त्यांना ते कोणाला कळू द्यायचं नव्हतं, आणि मी म्हटलं, तिलाही नाही.

दिवसभर छातीत शिट्टी वाजत होती. आई म्हणाली, धूळ असेल. हो म्हटलं. हेही खोटंच. इथे लिहून ठेवते.

गुरुवार, १२ मार्च

सांगितलं नाही. काकांनाही नाही, मामांनाही नाही.

दादाने सहा काचा वाया घालवल्या. चाकाचा आवाज बदलला की पाकिटांच्या टेबलावर मामांचा हात थांबतो. एकदा म्हणाले, “दाब कमी” — भिंतीला सांगितल्यासारखं. दादा म्हणाला, “मामा, तुम्ही मनातल्या मनात घासू नका हो, मला दडपण येतं.” कोणी हसलं नाही. तो स्वतः थोडा हसला.

शुक्रवार, १३ मार्च

आज दुरुस्त केलं. जेवणाच्या सुट्टीत, दार लोटून.

कुलूप काढलं. कापायच्या यंत्राचं नाव आणि पत्ता संगणकाच्या स्वतःच्याच फाइलीत लिहून ठेवला, म्हणजे त्यासाठी डबीला विचारायची गरजच उरली नाही. हे तीन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. मग नावं फक्त बोगद्यातूनच विचारायची अशी सोय केली. नव्या धाटणीचे लांबलचक पत्ते असतात, ते बोगद्याला वळसा घालून जाऊ शकतात — ते बंद केले. शेवटी भिंत घातली : बोगदा तुटला तर कापायच्या यंत्राखेरीज बाहेर काहीच जायचं नाही.

आणि तपासलं. यावेळी खरोखर. आपण कुठून बोलतोय ते पान. पत्ते कोण सांगतंय ते पान. मग दहा मिनिटं नुसत्या तारेवर लक्ष ठेवून बसले — नावं विचारायचे प्रश्न ज्या दाराने जातात त्या दाराशी. एकही आला नाही. मुद्दाम बोगदा तोडला. पान अर्धवट उघडून तसंच थांबलं. कुठेही गळलं नाही. यंत्र बंद करून, परत सुरू करून, हेच सगळं पुन्हा.

तपासायला एकूण पंचवीस मिनिटं. २४ तारखेला माझ्याकडे पाऊण तास होता.

आणि उपयोग काय? मामा आता तिथे बसतच नाहीत.

चारला काकांनी यादी वाचली. मी समोर बसून चिठ्ठ्या लावत होते. पट्टी खाली खाली सरकत होती. ते म्हणाले, “बघ, पुढच्या खोलीतला संगणक जेवणाच्या वेळी गप्प.”

तोंडात आलं होतं — काका, तो गप्प नाही, मी त्याला गप्प केलंय. तेवढं आलं आणि गिळलं. त्याऐवजी विचारलं, “काका, नावांवरून कसं कळणार? कोणी काय वाचलं, कोणासाठी वाचलं?”

त्यांनी पट्टी ठेवली. “तुला माहितीये म्हणजे.”

“यादी मलाही दिसते.”

“मग नावांवरून पुरेसं कळतं. जेवणाच्या सुट्टीत तिथे मामाच बसायचे. एकोणीस, मोजलीत मी.” चष्मा काढून पुसत बसले. “अगं, मला काय हौस आहे? चाकावर त्यांचा अंगठा गेला तर? एक बोट गेलं तर मी त्यांच्या घरी काय तोंड दाखवू? आणि माणूस इतका मानी, की विचारलं असतं तर उद्यापासून आलेच नसते. म्हणून आराम म्हटलं. आराम म्हणायला काय लागतं?”

काका वाईट असते तर किती सोपं झालं असतं.

“चेहरा का असा केलायस?” म्हणाले. “धूळ,” म्हटलं.

दुसऱ्यांदा.

शनिवार, १४ मार्च

मामांना सांगितलं.

अर्धा दिवस असतो. एक वाजता दादा आणि काका वर गेले, बाबा त्याच्या आधीच गेले होते. मामा पाकिटं रचत होते. मी जाऊन उभी राहिले आणि एका दमात बोलले — कुलूप, डबी, लाल अक्षरं, आईची हाक, ‘तपासलं’. मध्ये कुठे थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं.

मामा ऐकत होते. मग म्हणाले, “म्हणजे तू सांगितलं नाहीस?”

“नाही. पण माझ्यामुळेच—”

“थांब, थांब. तू जाऊन सांगितलं नाहीस काकाला?”

“नाही, मामा!”

त्यांनी मोठा श्वास सोडला. हसलेच! “पाच दिवस मी विचार करतोय, हिला काय वाटलं असेल, पोरगी कधी चहाडी करत नाही. बस. चहा घे.”

“तुम्ही चिडला नाहीत?”

“यंत्र चुकलं त्याचं काय चिडायचं?”

“यंत्र नाही चुकलं. मी चुकले. तपासलं नव्हतं आणि तपासलं म्हटलं.”

त्यांनी हातातलं पाकीट खाली ठेवलं. “हं. ते वाईट केलंस.” एवढंच. पण म्हणाले हे बरं झालं. नुसतं हसून सोडलं असतं तर मला तिथे उभं राहवलं नसतं.

मी विचारलं — किती दिवसांपासून दिसत नाही? डॉक्टरांकडे गेलात का?

“कोणाला दिसत नाही?”

त्यांनी समोरच्या ढिगातलं एक पाकीट उचललं, काच काढली, दाराच्या चौकटीसमोर धरली, जरा डावीकडे, जरा उजवीकडे. “चिठ्ठीवर काय?”

“अडीच.”

“सव्वादोन आहे. जा, लाव यंत्राला.”

बाबांच्या टेबलावर जाऊन लावली. आत हिरव्या रेघा असतात, त्या स्वच्छ दिसेपर्यंत चकती फिरवायची. सव्वादोनवर स्वच्छ झाल्या. अडीचवर नेल्या तर धुकं.

म्हणजे मामांना दिसतं! माझ्यापेक्षा, काकांपेक्षा, सगळ्यांपेक्षा स्वच्छ दिसतं! मी जवळजवळ ओरडले — “मग काकांना सांगा ना! आत्ता! चला, मी येते!”

“नाही.”

“का?”

“मग तो विचारेल, एकोणीस वेळा कोणासाठी बघितलंस.”

“कोणासाठी?”

“बघ, तूही विचारलंसच.” पाकीट बाजूला ठेवलं. “शब्द दिलाय कोणालातरी. तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून सांगत नाही.”

“येतं. २४ तारखेला बोलले.”

“तसलं नाही गं. तोंडावर, दुसऱ्यासाठी. ते वेगळं.” मग म्हणाले, “मला इथे काही वाईट नाही. पाकिटं भरणं म्हणजे शेवटचं बघणं. सोमवारपासून अशा अकरा काढल्यात. दादाच्या ट्रेमध्ये परत ठेवतो, गुपचूप. तो पुन्हा घासतो. शिकतोय. हात चांगला आहे त्याचा, घाई आहे फक्त.”

“अकरा!”

“मला सापडल्या तेवढ्या अकरा. सगळ्या काही मी धरून बघू शकत नाही. शेवटी पाकीटवाला आहे मी.” आणि त्या सव्वादोनच्या काचेच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. “ही एका शाळकरी पोराची. फळ्यावरचं दिसलं नसतं, आणि मार खाल्ला असता की लक्ष देत नाही म्हणून.”

चिठ्ठीवर बाबांचा शिक्का होता.

वर आल्यावर लक्षात आलं, तो शिक्का कसा? अकराच्या अकरा बाबांच्या हाताखालून गेल्या असणार. पाव नंबरची चूक यंत्रात लपत नाही, मलासुद्धा दिसली. आणि बाबा तर मला लहानपणी एका शून्यासाठी अख्खं पान परत लिहायला लावत. थकले असतील. आठवडाच विचित्र होता. मामा उठवले गेले, त्याचं त्यांनाही लागलं असेल. जेवतानाही गप्प असतात.

पण सांगायला हवं. कोणी त्यांना सांगितलंच नाही तर त्यांना कसं कळणार की काचा निसटतायत? ते स्वतःच नेहमी म्हणतात, ज्याची चूक त्याला आधी सांगावी, चारचौघांत नाही. उद्या दुपारी, ते एकटे असताना, हळूच.

आणि काकांना? माझ्या कुलपाचं सांगितलं की मामांचं निघणार. नाही सांगितलं की मामा त्या टेबलावरच राहणार. दोन्ही बाजूंनी माझंच. दिवस ठरवायला बसले की पेन थांबतं.

रविवार, १५ मार्च

बाबांना ती अडीचची चिठ्ठी दाखवली. त्यांनी हातात घेतली, मान बाजूला वळवली, कडेने बघत राहिले. मग विचारलं, “काय लिहिलंय?”

मध्यभागी दिसत नाही. ऑक्टोबरपासून. मामांना त्यांनीच सांगितलं होतं शोधायला — “तुझ्याकडे मागितलं असतं तर तू रात्रंदिवस माझ्याकडेच बघत बसली असतीस.”

“मग शिक्का?”

“मामा घासत होते तोवर मला बघावं लागत नव्हतं.”

मी चाकावरून उठवलं ते ज्याला दिसतं त्याला.

म्हणाले, “मी सांगतो काकाला. थोडे दिवस दे.” किती, विचारलं. ते माझा हात शोधत होते. तो त्यांच्या अगदी समोर होता.

मांडणीवर एकतीस पाकिटं आहेत, शनिवारची, बाबांच्या शिक्क्याची. उद्या नऊला माणूस न्यायला येतो. दिवस नाही देता येणार, बाबा.

काकांना सांगायचा दिवस : सोमवार, १६ मार्च. सकाळी साडेआठ, चाक सुरू व्हायच्या आधी.